कप्तानच्या विमानाची बॅटरी

त्याला सगळे बॅटरीवाला म्हणत. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, होड्या, विमानं दुरुस्त करणारे आणखीही होते. पण कशाला कुठली बॅटरी लावायची, हे विचारायला लोक जिना चढून त्याच्याच खोलीत येत. मोटर काय, कशीही फिरते, तो म्हणे. खरी भानगड सर्व्होची. सर्व्हो म्हणजे गाडीचं चाक वळवणारं, विमानाचं शेपूट हलवणारं काड्यापेटीएवढं यंत्र. व्होल्ट कमी पडले तर ते ऐन वळणावर मान टाकतं, जास्त झाले तर जळून जातं.

नुसत्या बॅटरीला मीटर लावून आकडा दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाची तो खरपूस चेष्टा करी. "बसल्या जागी सगळेच पैलवान. कामाला जुंपून बघा." मग तो सर्व्हो जोडी, त्याचा दांडा बोटानं दाबून धरी आणि यंत्र जोर लावून कुरकुरू लागलं की मीटर बघे. आकडा धपकन खाली आला तर ती बॅटरी बाद. अनोळखी माणसाची साधी गाडी असली तरी ही परीक्षा तो चुकवत नसे.

चुकवली ती एकदाच, आणि तीही जिवलग मित्राच्या कामात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हा मित्र निवृत्त बस ड्रायव्हर. सगळे त्याला कप्तान म्हणत. चाळीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, याचा त्याला कोण अभिमान. त्यानं हौसेनं बांधलेल्या विमानात नवे, ताकदवान सर्व्हो बसवायचे होते. बॅटरीवाल्यानं ते बसवले, बॅटरीचा जुनाच चार सेलांचा पॅक चार्ज केला, मीटर लावला. आकडा भरगच्च. गप्पा रंगल्या होत्या. घरचंच काम, म्हणून दांडा काही त्यानं दाबून पाहिला नाही.

पुढच्या रविवारी ते विमान वळताना एकाएकी रिमोटला दाद देईनासं झालं आणि कप्तानच्या चार वर्षांच्या नातीपासून पाच पावलांवर जमिनीत घुसलं. पोरीला खरचटलंही नाही. पण कप्तानच्या मुलीनं बापाच्या हातांकडे पाहिलं. हल्ली चहाचा कप धरताना ते थोडे थरथरत. "माझाच हात चुकला," कप्तान स्वतःच म्हणाला. त्यानं रिमोट कपाटात ठेवून दिला आणि नातीला कडेवर घेणंही सोडलं.

मोडकं विमान बॅटरीवाल्याकडे आलं. आठवड्याभरात त्यानं तो पॅक तपासला आणि घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं. नव्या सर्व्होंची भूक मोठी, जुना पॅक अशक्त. दोन सर्व्होंनी एकदम जोर लावला की व्होल्ट इतके घसरत, की रिमोटचे हुकूम झेलणारा विमानातला रिसीव्हरच बंद पडे. मग कप्ताननं रिमोटवर काहीही केलं असतं तरी विमानापर्यंत पोचलं नसतं.

हे सांगायला तो दोनदा निघाला आणि दोनदा जिन्यावरूनच परतला. गिऱ्हाइकं काय म्हणतील? मैत्रीचं काय होईल? भित्रेपणाला सबबी शोधाल तेवढ्या सापडतात. सांगू, सांगू म्हणता पाच महिने गेले. मग एकदा त्याला कप्तान रस्त्यात दिसला. नात दोन्ही हात वर करून 'उचल' म्हणत होती, आणि कप्तान आपले हात पाठीमागे धरून उभा होता. बॅटरीवाल्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी पॅक, सर्व्हो, रिसीव्हर घेऊन तो कप्तानच्या घरी गेला. मुलगीही तिथंच होती. त्यानं सगळं टेबलावर जोडलं. "तूच दाब," तो कप्तानला म्हणाला. कप्ताननं दोन दांडे दाबून धरले. रिसीव्हरचा दिवा विझला.

"तुझा हात चुकला नव्हता, कप्तान. मी चुकलो. हा पॅक मी न तपासता दिला."

मुलीनं विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग बापाच्या हातांकडे. कप्ताननं पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पुन्हा दिवा विझला. मग त्यानं शांतपणे विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

'काल' असं सांगितलं असतं तर खपून गेलं असतं.

"पहिल्याच आठवड्यात."

दारात नात येऊन उभी राहिली होती. कप्तान उठला, तिच्यापाशी जाऊन वाकला आणि त्यानं तिला कडेवर घेतलं.

"जड झालीस ग तू," तो तिला म्हणाला. "मला कळलंच नाही."