बाईंची लाल रेघ

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते चिली देशातून आलेल्या एका बाईंचं. मेलबर्नमध्ये मी ज्या विमा कंपनीत नोकरीला लागलो, तिथल्या कम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख होत्या. आईवडिलांचं ऋण मी यात धरत नाही. ते सांगायचं नसतं. पण द्यायचं काही कारण नसताना कुणी दिलं, असं म्हटलं की मला त्यांचाच चेहरा दिसतो. आखूड पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात फळ्यावर लिहायचं लाल मार्कर.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश, लग्नसराईत सफारी. मी ऑस्ट्रेलियाला निघालो तेव्हा त्यांनी मला कोट शिवून दिला. कोट लागेल अशी थंडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून अंदाजाने अस्तर जाड लावलं आणि काजं मशीनवर न करता हाताने केली.

मेलबर्नमध्ये तेव्हा मंदीचे दिवस होते. माझ्या ओळखीचे इंजिनियर टॅक्सी चालवत होते. मी क्लेटनला एका खोलीत तिघांबरोबर राहून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग करत होतो. अशात या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. बाईंनी माझी प्रमाणपत्रं पाहिली आणि बाजूला ठेवली. मग चष्म्यावरून माझ्या कोटाकडे पाहत म्हणाल्या, "हे काज हाताचं आहे. कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"म्हणजे नीट केलेलं काम कसं दिसतं ते तू घरीच पाहिलंयस. चल, आता प्रोग्रॅमबद्दल बोलू."

नोकरी मिळाली. तिथे माझ्याशी मराठी बोलणारा एकच जण होता, वसईचा ख्रिश्चन मुलगा, माझ्याआधी वर्षभर लागलेला. तो मला घाटी म्हणायचा आणि मी त्याच्याकडे त्याच्या गावची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मागायचो. इतरांना माझं नाव जमेना. माझ्या आडनावात ळ आहे. त्याचा त्यांनी आधी ल केला, मग आडनावच सोडलं आणि नावातली पहिली दोन अक्षरं ठेवली. मला त्यात वावगं वाटलं नाही. नोकरी दिली होती ना त्यांनी!

बाईंना मात्र वाटलं. "त्यांना तुझं नाव म्हणायला शिकव," त्या म्हणाल्या.

"राहू द्या, मॅडम."

"मॅडम कोण? वीस वर्षं झाली, हे लोक मला स्पॅनिश बाई म्हणतात. मी दर वेळी सांगते, स्पेन नव्हे, चिली. दर वेळी. कंटाळा त्यांना आला पाहिजे, मला नाही."

मग त्या स्वतःच ळ शिकायला बसल्या. त्यांच्या देशात संध्याकाळच्या चहाला 'ओन्से' म्हणतात. पाच वाजले की त्या सगळ्या विभागाला छोट्या स्वयंपाकघरात गोळा करायच्या. चहा, पाव आणि त्यावर मीठ घालून कुस्करलेलं अ‍ॅव्होकाडो. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला ते साबणासारखं लागलं. चहा पिता पिता बाई जीभ टाळूला लावून ळ म्हणायचा प्रयत्न करायच्या आणि वसईकर हसून लोटपोट व्हायचा. "बाई, याच्या गावाला जाऊन पाणी प्या, तेव्हा जमेल!" महिन्याभरात त्यांना जमलं. मग बाकीच्यांनाही जमवावं लागलं.

सप्टेंबरात त्यांच्या देशाचा सण असतो. त्यासाठी त्यांनी आम्हा दोघांना स्प्रिंगवेलच्या एका हॉलमध्ये बोलावलं. चिलीची, उरुग्वेची, एल साल्वाडोरची कुटुंबं जमली होती. म्हातारी माणसं पांढरे रुमाल फिरवत एकमेकांभोवती नाचत होती आणि मुलं कोपऱ्यात इंग्रजीत भांडत होती. बाई म्हणाल्या, "इथले लोक आम्हा सगळ्यांना लॅटिनो म्हणून एकाच पिशवीत घालतात. पण एम्पनाडाच्या, म्हणजे तुमच्या करंजीसारख्या पदार्थाच्या, सारणात मनुके घालायचे की नाही, यावरून आमचं पटत नाही." वसईकर मला मराठीत म्हणाला, "बघ, आपलं महाराष्ट्र मंडळ इथेपण आहे."

त्या संध्याकाळी मला त्यांची हकीगत कळली. तिकडे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्या इंजिनियर होत्या आणि कामगारांच्या संघटनेत होत्या. देश सोडावा लागला. स्प्रिंगवेलच्या निर्वासितांच्या वसतिगृहात आल्या, मोज्यांच्या कारखान्यात लागल्या, मग पुन्हा पहिल्यापासून शिकल्या. त्यांच्या पासपोर्टवर एक अक्षर मारलेलं होतं. ते अक्षर असलेल्याला परत येऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. त्या काळातच त्यांचे वडील गेले. पत्र आलं तेव्हा मातीही होऊन गेली होती. "आता मी जाऊ शकते," त्या नाचणाऱ्यांकडे पाहत म्हणाल्या. "पण आता ते नाहीत."

पुढच्या वर्षी कंपनीने सगळा हिशोब एका शनिवार-रविवारात जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर न्यायचं ठरवलं. ग्राहकांचा हप्ता ठरवणारे प्रोग्रॅम माझ्याकडे होते. पहिल्याच बैठकीत बाईंनी फळ्यावर शुक्रवार ते सोमवार असा लांब पट्टा काढला आणि बाकी काही लिहिण्याआधी रविवार दुपारवर लाल रेघ मारली.

"पुढे कसं जायचं ते कुणालाही सुचतं," त्या म्हणाल्या. "मागे फिरता येईल अशी शेवटची वेळ आधी शोधा. ही ती वेळ. हिच्यानंतर जुन्यावर परत जाता येणार नाही. म्हणून काय तो निर्णय हिच्या अलीकडे."

मी या धंद्यात जे काही शिकलो, त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच.

बदलाला काही आठवडे राहिले असताना गावच्या मेडिकलच्या दुकानातून ताईचा फोन आला. अण्णांच्या घशाचं दुखणं मला माहीत होतं, पण ते इतकं वाढलंय हे माहीत नव्हतं.

"अण्णांना पाणीसुद्धा गिळवत नाही रे," ताई म्हणाली. "नाशिकच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दिसतंही कमी. तू ये असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, त्याला कामाचं असेल."

मी ऑफिसात कुणाला काही बोललो नाही. घरचं दुःख साहेबापुढे न्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. शिवाय ज्यांनी उभं केलं त्यांना ऐन कामात रजा मागायची, हे मला कृतघ्नपणाचं वाटत होतं. काम झालं की जाऊ, असं मी मनाशी ठरवलं.

दुपारी वसईकर समोर येऊन बसला. "काय रे घाटी, डबा खातोयस की नुसता बघतोयस?"

मी सांगितलं.

"मग बाईला सांग ना!"

"बदल झाला की जाणारच आहे."

"वा! अन् तुझा बाप तुझ्या प्रोजेक्टचं टाइमटेबल पाळणार काय?"

तो तसाच उठला आणि बाईंच्या खोलीत गेला. पाठोपाठ मला हाक आली.

बाईंनी फळा पुसला. एक आडवी रेघ ओढली आणि लाल मार्कर माझ्या हातात दिलं. "हे तुझ्या वडिलांचं. लाल रेघ कुठे मारायची?"

"माहीत नाही."

"मग आपण तिच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हेही तुला माहीत नाही."

"पण हप्त्याचे प्रोग्रॅम माझ्याशिवाय..."

"ते बघायचं काम माझं आहे. त्यासाठीच मला ही खोली दिलीय." त्यांनी मार्कर माझ्या हातातून परत घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "परत आलास की मला एवढं सांग. त्यांनी तुला ओळखलं का, आणि काय म्हणाले. माझ्याकडे ते नाहीये. मला नुसतं पत्र मिळालं."

दुसऱ्याच दिवशी मी निघालो. मेलबर्नमध्ये ऐन हिवाळा होता, म्हणून अंगात कोट होता. बॅगेत तो मावत नव्हता आणि मागे ठेवायचा म्हटलं तर मन होईना.

अण्णांचं सगळं आटोपून दोनेक महिन्यांनी मी परतलो तेव्हा वसईकर विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत तो नुसतं हवापाण्याचं बोलत राहिला. शेवटी मीच विचारलं, "बदल कसा झाला?"

"झाला नाही."

"म्हणजे?"

"रविवारी दुपारी आकडे जुळेनात. तुझ्या भागातच काहीतरी अडलं होतं. बाई रात्रंदिवस बसली, पण तिला सापडेना. वरचे साहेब म्हणाले, चला पुढे, सोमवारी दुरुस्त करू. बाई म्हणाली, नाही. रेघेच्या आधी सगळं जुन्यावर परत नेलं. सोमवारी काउंटर उघडले आणि एका गिऱ्हाइकाला काही कळलं नाही."

"मग चांगलंच झालं ना!"

"चांगलं झालेलं कुणाला दिसतं, भावा? त्यांना उशीर दिसला. मुख्य माणसाला ऐन वेळी सोडलंच कसं, असं विचारलं तिला. ती म्हणाली, त्याचे वडील मरतायत, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन. पंधरवड्यात आपला विभाग सिडनीच्या विभागाला जोडून टाकला. दोन प्रमुख कशाला हवेत?"

"त्या कुठे आहेत?"

"गेली. चिलीला, बहिणीकडे."

"मला कळवलं का नाहीस?"

"तिनेच शपथ घातली होती. म्हणाली, त्याचे तिकडचे दिवस त्याचे आहेत, त्यांना हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी सवयीने चहाला उठलो. स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. वसईकर आला, दोन कप भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मला त्यांना समोर बसून सांगायचं होतं. विमानात शब्दही जुळवून ठेवले होते. आता समोर बसायला त्याच नव्हत्या.

आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. कुठलंही काम सुरू करताना मी आधी लाल रेघ मारतो. नवीन कुणी आलं की त्याचं नाव त्याला विचारतो आणि तो सांगेल तसं म्हणायला शिकतो. लोकांना हा माझा स्वभाव वाटतो. तो माझा नाही.

मेलबर्नला परतलो त्याच आठवड्यात मी त्यांना त्यांच्या बहिणीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मूळ पत्र इंग्रजीत होतं आणि वर त्यांचं नाव होतं. इथे नुसतं बाई म्हणतो, शाळेत म्हणायचो तसं.

प्रिय बाई,

रविवारी काय झालं ते मला कळलं. त्यावर मी काही लिहायला गेलो तर तुम्ही रागवाल, म्हणून तुम्ही विचारलं होतं तेवढंच सांगतो.

मी पोचलो तेव्हा अण्णा खाटेवर कुशीला होते. माझ्याकडे पाहून ते माझ्या बहिणीला म्हणाले, डॉक्टरांना बसायला दे. मी नाव सांगितलं, पण त्यांना ऐकू आलं नाही की पटलं नाही, कोण जाणे. मी पाया पडायला वाकलो तेव्हा कोटाची कड त्यांच्या हाताला लागली. त्यांचा अंगठा कडेवरून सरकत काजापर्यंत आला आणि तिथे थांबला. बराच वेळ ते चाचपत राहिले. मग म्हणाले, "हे माझं आहे." आणि मान वर करून, "कधी आलास?"

म्हणजे त्यांनी मला ओळखलं. आधी कोट ओळखला, मग मला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मी शेजारी होतो. त्यांना फार बोलता येत नव्हतं. एकदा विचारलं, रजा मिळाली का. मिळाली, म्हटलं. कुणी दिली? मी तुमचं नाव सांगितलं, सबंध, तुम्ही म्हणता तसं. त्यांनी ते म्हणून पाहिलं. जमलं नाही. बहीण म्हणाली, पुरे अण्णा, दम लागतो. तेव्हा त्यांनी कापसाने ओठ ओले करून घेतले आणि म्हणाले, "थांब गं. त्यांचं नाव तरी नीट येऊ दे."

दुसऱ्या वेळी जवळजवळ बरोबर आलं.