पाण्याचा सर्व्हे आणि नकाशावरची लाल रेघ

मंडळी, आज सकाळी सोनईत आमच्या ओट्यावर दोघं जण येऊन बसले. म्हणाले, पाणीयोजनेचा सर्व्हे आहे.

पहिलाच प्रश्न, "मागच्या लोकसभेला तुमच्या गल्लीचं मतदान कुणीकडं झालं?"

सासरे म्हणाले, "नळाला चार दिसांनी पानी येतं, ते लिवा की."

त्यांनी ते लिहिलं नाही.

चहा देताना मी त्यांनी पुढ्यात पसरलेला नकाशा पाहिला. लाल रेघ आमच्या गावाला वळसा घालून पुढं गेली होती.

"ही कशाची?"

"पाइपलाइनची."

आधीच आमची सगळी कामं नगरला आणि लोकसभेचं मत शिर्डी मतदारसंघात. त्यात आता मतदारसंघांच्या फेररचनेच्या, म्हणजे हद्दी नव्यानं आखायच्या गप्पा चालू आहेत.

चहा पाजला, पण नावं विचारायची राहिली.

गावाला वळसा घालणारी पाणीयोजना तुम्ही कुठं पाहिलीये का?