फर्म माझ्या नावावर होती

नवऱ्याला घरात मी अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

भोकरदनला आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. बाईच्या नावाने कर्ज काढलं की सबसिडी मिळते, म्हणून फर्म माझ्या नावावर. आमच्याकडे कितीतरी दुकानांचं असंच आहे, कागदावर बायको आणि गल्ल्यावर नवरा. मी बी.कॉम. झालेली. पण मी पोळ्या लाटत असताना तो कागद पुढे करायचा आणि मी पिठाचे हात पदराला पुसून, न वाचता सही करायची. एवढी अक्कल मी कुठे गहाण टाकली होती, कोण जाणे.

अशीच एक सही एका शाळेच्या करारावर झाली. शाळा उघडायच्या आत बाकं द्यायची, नाहीतर नुकसानभरपाई. मध्येच एका बंगल्याच्या ग्रिलचं काम आलं, त्यात जास्त सुटत होतं. नवऱ्याने बाकं बाजूला सारली. पोरं दिवाळीपर्यंत सतरंजीवर बसली. शाळेचे अध्यक्ष दोनदा घरी आले, मालक आहेत का विचारलं. मी म्हणाले, बाहेर गेलेत, आणि चहा ठेवला. मालकीण मीच आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दावा लागला तो माझ्यावर. वकिलांनी समजावलं, अशा धंद्यात फर्म वेगळी आणि तुम्ही वेगळ्या असं काही नसतं. फर्मने करार मोडला म्हणजे तुम्ही मोडला, आणि वसुली तुमच्या स्वतःच्या मालमत्तेतून होणार. वर्कशॉपची जागा भाड्याची, मशिनं बँकेकडे तारण, घर सासूच्या नावावर. माझा म्हणावा असा एकच राजूरचा प्लॉट. वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातून, भावांचा राग ओढवून घेऊन, तो त्यांनी मला घेऊन दिला होता.

वकील म्हणाले, सगळा व्यवहार स्वतः केला असं नवऱ्याने कोर्टात कबूल केलं, तर त्यालाही जबाबदार धरा म्हणून प्रयत्न करता येईल. नवऱ्याच्या नावावर धावड्याला शेत आहे. साक्षीच्या दिवशी मी त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "मी तिथं फक्त कामाला आहे, साहेब. कोणती ऑर्डर घ्यायची, कोणती न्हाई, ते बाईच ठरवतात."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मला उद्देशून आदराचं क्रियापद त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते तिथे. घरात भाजी कोणती करायची हे ठरवायची मला मुभा नव्हती, आणि म्हणे ऑर्डरी मी ठरवते. मला हसू फुटलं. शिपायाने डोळे वटारून गप्प केलं.

परत येताना मोटारसायकलवर मी त्याच्या मागे बसले होते. त्यानेच सुरू केलं. "शेत गेलं अस्तं तं खाल्लं काय अस्तं? तुझा प्लॉट तं नुसता पडून राह्यलाय."

त्याच्या मानेवर थुंकावं असं मला वाटलं. थुंकले नाही, याचा आजही राग येतो.

निकाल माझ्याविरुद्ध गेला. जप्ती यायच्या आत प्लॉट आपणच विकून शाळेची भरपाई भरायची असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं. वडिलांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "सही करायच्या आधी वाचलं न्हाई का तू?"

रजिस्ट्री ऑफिसात विकणाऱ्याची ओळख पटवायला माणसं लागतात. एक ओळखीचे गृहस्थ यायचे होते, त्यांना उशीर झाला. उगाच खोळंबा नको म्हणून नवराच आधार कार्ड घेऊन पुढे झाला. साहेबांनी स्क्रीनवरचा माझा फोटो पाहिला आणि त्याला विचारलं, या बाईंना ओळखता का?

"बराबर ओळखतो, साहेब," तो म्हणाला.

आणि या सगळ्या प्रकरणातली आपली पहिली सही त्याने केली, माझ्या सहीच्या खाली, नीट वाचून.