मत नाही तर सँडविच नाही

वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाला लागून खासदारांची बसायची खोली आहे. तिथलं खाण्याचं काउंटर व्हर्नेल गेथर एकवीस वर्षं चालवत होती. तिचा नियम एकच: काय खाणार ते विचारायचं, मत काय देणार ते नाही. एकोणीसशे चौसष्टच्या ऑगस्टमध्येही तिने तो पाळला. व्हिएतनाममध्ये अध्यक्षाला हवं ते करायची मुभा खासदार चाळीस मिनिटांत देऊन आले. कोऱ्या कागदावर सहीच ती! ओव्हनमधून काढलेला तिचा पीच पायसुद्धा तोवर निवला नव्हता. युद्ध कुणी पुकारलंच नाही, पण तिचा मुलगा वॉल्टर त्यात गेला.

आता त्र्याहत्तरचा नोव्हेंबर. संसदेला विचारल्याशिवाय अध्यक्षाने साठ दिवसांपलीकडे लढू नये, असा कायदा अध्यक्षाने फेटाळला होता. इथे आणि सिनेटात दोन-तृतीयांश मतं पडली, तर तो त्याच्या नाकावर टिच्चून होणार होता. सकाळपासून व्हर्नेलकडून दोनदा मीठ सांडलं.

दोन घंटा वाजल्या. मतदानाला पंधरा मिनिटं! खोली भराभर रिकामी झाली. उरले फक्त तिच्या गावाकडचे प्रुइट साहेब.

"मिस व्हर्नेल, एक चिकन सॅलड सँडविच. सावकाश होऊ दे."

"आणि मत?"

प्रुइट दचकले. एकवीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. "अगं, अध्यक्षालाही दुखवायचं नाही, लोकांनाही नाही..."

"म्हणजे तळ्यात-मळ्यात!" तिने ब्रेडच्या डब्यावर झाकण आदळलं. "काउंटर बंद."

"मी खासदार आहे!"

"तर मग तिकडे जाऊन व्हा ना. इथे नुसते भुकेले आहात."

घड्याळात चार मिनिटं उरली होती. प्रुइट खिशात मतदानाचं कार्ड चाचपत चक्क धावत सुटले. व्हर्नेल दाराशी उभी राहून ऐकत होती.

आत एकदम गलका उठला. प्रुइट घामाघूम परत आले, ओरडतच. "दोनशे चौऱ्याऐंशी! लागतात त्यापेक्षा चार मतं जास्तच! आता सिनेटातही झालं की साठ दिवसांच्या वर कुणाचं काही चालायचं नाही!"

व्हर्नेल डोळे पुसत हसली आणि तिने ब्रेड काढला.

"माझा वॉल्टर तिथे एकेचाळीसच दिवस जगला," ती म्हणाली.

प्रुइटांचा चेहरा उतरला. "मग मला कशाला पिटाळलंस?"

"एकसष्टाव्या दिवशी युद्धावर निघणारा कुणाचा तरी पोरगा असेलच की, साहेब." तिने सँडविच पुढे सरकवलं. "खा आता."