शोभाच्या नवऱ्याची रजा

२३ नोव्हेंबर, रविवार. गच्चीवर गोधड्या उन्हात टाकत होते, तेवढ्यात मनोहर माझे डबे परत द्यायला आला. शोभाच्या आजारपणात मी पाठवलेले, सगळे घासूनपुसून. "वहिनी, तुम्ही रजेसाठी खूप धडपडलात. साहेबांनीच नाही म्हटलं, त्याला तुम्ही काय करणार," म्हणाला आणि गेला. शोभाला जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. साहेबांनी नाही म्हटलेलं नव्हतं. अर्ज साहेबांपर्यंत गेलाच नव्हता.

शोभा कराडची. तिचा नवरा मनोहर आमच्या सरकारी कारखान्याच्या फायर स्टेशनवर फायरमन, मी तिथेच आस्थापना विभागात; रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून साहेबांकडे जातात. कोलकात्याजवळ बराकपूरच्या आमच्या क्वार्टर्समध्ये मराठी घरं दोनच, त्यामुळे मैत्रीण निवडायची सोय नव्हती. असती तरी मी हीच निवडली असती. बाजारात मासेवाल्याशी ती खणखणीत मराठीत घासाघीस करायची, तो बंगालीत भांडायचा, आणि ताजा मासा मात्र हिच्याच पिशवीत पडायचा. "भाषा कशाला लागते? तोंड वाकडं केलं की कळतं त्याला," म्हणायची. माझ्या मुलीच्या दहावीला मी दोन महिने बालसंगोपन रजा घेतली. भरपगारी, नियमात बसणारी. तेव्हा ही रोज दुपारी यायची आणि माझ्या पोरीला म्हणायची, "आई उरावर बसलीये ना? जा, जरा हिंडून ये. हिला मी धरून ठेवते."

ऑगस्टमध्ये तिच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर कळला, तोही पसरल्यावर. मनोहरची शिल्लक रजा कोलकात्याच्या हॉस्पिटलात खेपा घालण्यातच संपली. मग त्याने बायकोच्या शुश्रूषेसाठी महिनाभराच्या विशेष रजेचा अर्ज केला. आजारी बायकोसाठी वेगळी भरपगारी रजा आमच्या नियमांत नाही, आणि महालयापासून कालीपूजेपर्यंत, म्हणजे दुर्गापूजेपासून दिवाळीपर्यंत, फायर स्टेशनच्या रजा तशाही बंद असतात. मंडपांसाठी आमचा बंबही मागवतात. पण शिफारस करून अर्ज पाठवता येतो. आदल्या वर्षी एका ड्रायव्हरच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी मीच पाठवला होता, आणि साहेबांनी सही केली होती. या वेळी मी पेन उचललं नाही. 'मॅडमचा माणूस' असं कुणी म्हणू नये, एवढंच कारण. इतक्या वर्षांत तसं कुणी म्हटलं नव्हतं, याचा मला अभिमान होता...

शोभाने एकदाच विचारलं, हॉस्पिटलच्या कॉटवरून. "काय गं नीला, तुझ्या पोरीला दहावीला आई लागते, मग मला मेलीला नवरा लागत नाही होय?"

"फाईल वर गेलीये," मी म्हणाले.

"वर? मग मीच जाते मागोमाग. बघते कुठे अडकलीये ती."

ती हसली. मीही हसले. अर्ज पाठवायला तेव्हाही वेळ होता.

दुर्गापूजेच्या नवमीला मी तिच्याजवळ होते. तिने दोनदा वेळ विचारली. मनोहरची पाळी दोनला संपायची. ती पावणेएकला गेली. पूजेच्या गर्दीतून वाट काढत तो चारला पोचला, युनिफॉर्ममध्येच, आणि मलाच म्हणाला, "बरं झालं वहिनी, तुम्ही होतात." मी मान हलवली. पुढचे सात आठवडेही मी खरं काय ते सांगितलं नाही.

डबे परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी, मी फायर स्टेशनवर गेले. तो होज पाइप पसरत होता. मी सांगून टाकलं. अर्ज मी दाबून ठेवला होता हे, आणि का ठेवला तेही. त्याने पाइपची शेवटची घडी उलगडली. मग सरळ होऊन म्हणाला, "आमच्या पाळीतल्या बिस्वासची आई अतिदक्षता विभागात आहे. त्याचा अर्ज आलाय का?"

"शुक्रवारी आलाय."

"मग इथे काय करताय, मॅडम?"

वहिनी म्हणाला नाही.

ऑफिस उघडताच मी वर गेले, बिस्वासच्या अर्जावर शिफारस लिहिली आणि शिपायाकडे न देता स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये नेली. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "कुठल्या नियमाखाली?"

"नियम नाही, सर. म्हणून हातात घेऊन आले."

सही होईपर्यंत मी तिथून हलले नाही.