काचेपलीकडचा रामराम

आमचा फ्लॅट गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याची सगळ्यात मोठी खिडकी नेमकी पश्चिमेला. फ्लॅट घेताना बिल्डरने ती फार कौतुकाने दाखवली होती. बघा, केवढा उजेड! थंडीचे दिवस होते, आम्हालाही कौतुक वाटलं. मार्च लागला तसं कळलं की आपण पैसे मोजून ऊन विकत घेतलंय. दुपार कलली की ते त्या खिडकीतून आत यायचं आणि मावळेपर्यंत उठायचं नाव घ्यायचं नाही. पलंगपोसाचा रंग एका बाजूने उडाला. कपाटाचा सनमायका फुगला. जेवणं उरकल्यावरही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागायची.

"काचांना ती फिल्म लावून घ्या हो," बायको म्हणायची. मी म्हणायचो, "बघू." आमच्या घराण्यात 'बघू' हा शब्द नकारासाठीच वापरतात, हे तिला लग्नानंतर लवकरच समजलं होतं. तरी ती दर उन्हाळ्यात विचारायची.

मग ती गेली. आजारपण लांबलं नाही. माझ्यामागे दहावं-तेरावं काही करायचं नाही, असं तिनेच बजावून ठेवलेलं होतं. मी शब्द पाळला. लोक आले, बसले, पाणी पिऊन गेले. मुलगी पुण्याहून आली आणि रजा संपल्यावर परत गेली. मीही उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात हजर झालो. साहेबांनी विचारलं, "ठीक आहे ना सगळं?" मी म्हणालो, ठीक आहे. खोटं बोललो नाही. मला खरंच काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो आणि तरी आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. फक्त त्याचा असर उतरत नव्हता.

घरात उरलो बाबा आणि मी. बाबा तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू आणि वाचा नेली होती. डावा हात तेवढा शाबूत. मी ऑफिसात असायचो तेव्हा एक मावशी त्यांच्याजवळ असायच्या. बाबांचा पेपर सुटला होता, टीव्हीवरची बातमी सुटली होती, नातीचा फोन आला तरी ते छताकडे बघत राहायचे. जीव लावून करावी अशी एकच गोष्ट त्यांच्या दिवसात उरली होती, ती म्हणजे चारचा रामराम.

समोरच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खिडकीसमोरच्या गॅलरीत, एक म्हातारे मामा बसायचे. डोक्याला पागोटं, भर उन्हाळ्यातही बाजेवर घोंगडी. मेंढरं राखणारं त्यांचं घराणं. मुलाने वाळूजला नोकरी धरली, मेंढरं विकली आणि बापाला शहरात आणून या गॅलरीत बसवलं. मामा गल्लीतल्या रिक्षा आणि स्कूटरींकडे असं बघायचे, जणू त्यातली एखादी वाट चुकली तर तिला हाकून आणायची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. दुपारची झोप झाली की चारच्या सुमाराला ते बाजेवर उठून बसायचे आणि आमच्या खिडकीकडे तोंड करून हात कपाळाला लावायचे. रामराम. बाबा डावा हात वर करायचे. बस्स, एवढंच. मामांचे गुडघे गेलेले, बाबांचे पाय गेलेले, मध्ये एक गल्ली. दोघं कधी भेटले नव्हते, बोलणं तर दूरच. पण साडेतीन वाजले की बाबा मावशींकडून केस विंचरून घ्यायचे, डोक्यावर काळी टोपी चढवून घ्यायचे. हात वर केल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत.

त्यापायीच ते खिडकीतून हलायला तयार नसत, आणि त्या उन्हानं त्यांचा हात आणि गाल करपायला लागले. कातडी काळी पडून सुटायला लागली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या गोळ्यांमुळे कातडी नाजूक झालीय. काचेतून येणारं ऊनही बाधतं. खुर्ची हलवा, नाहीतर काचेचं काहीतरी करा." खुर्ची हलवायला गेलो तर बाबांनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरला आणि सोडला नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. मग मी काचेचं काहीतरी केलं.

छावणीच्या बाजारातला एक फिटर आला. माझ्याच वयाचा, बोलका. आधी तो गाड्यांच्या काचांचं काम करायचा. "पोलिसांनी ते बंद केलं साहेब, आता घरांचं करतो. अल्ला ने एक दरवाजा बंद किया तो खिडकी खोली!" असं म्हणून तो स्वतःच हसला. त्याने काचेवर साबणाचं पाणी मारलं, फिल्म चिकटवली, रबरी पट्टीने ओढून ओढून आतले बुडबुडे काढले. "आतून सगळं दिसणार. बाहरसे एकदम आरसा. कोणाला काही दिसायचं नाही, बेफिकीर राहा." मी मान हलवली. ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. त्या काळात डोक्यात फारसं काही शिरायचंच नाही.

फिल्म चांगली निघाली. खोलीत ढगाळ दिवसासारखा उजेड झाला, भिंत तापायची थांबली. तिने एवढ्या वेळा सांगितलेली गोष्ट अखेर झाली होती. खोलीच्या मधोमध उभा राहून मी वाट बघितली की आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. मी पंखा एकने कमी केला.

त्याच आठवड्यात मी डोकं साफ करून आलो. घामोळ्या झाल्या होत्या. न्हाव्याला म्हटलं, मशीन मार. त्याने विचारलं, "मिशी?" मी म्हणालो, काढ. मला हो-नाही करायचाही कंटाळा आला होता. मावशींनी दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. "साहेब, घरात बाप जिता असताना असं सफाचट करून येत असतेत का? बघणाऱ्याला काय वाटंल?"

"केस आहेत मावशी, येतील परत."

"त्ये मला कळतंय. बघणाऱ्याला कळंल का?"

त्यानंतरच्या रविवारी मी घरीच होतो. चार वाजले, मामा बाजेवर उठून बसले, हात कपाळाला लावला. बाबांनी हात वर केला. मामांचा हात खाली आला नाही. ते डोळे बारीक करून आमच्या खिडकीकडे बघत राहिले, मग पुन्हा रामराम घातला. बाबांनी हात आणखी वर केला, आणखी. मामा थोडा वेळ तसेच बसले आणि आत निघून गेले. बाबांनी गजावर हात आपटला. मी म्हणालो, "दिसलं नसेल त्यांना, वय झालंय." एवढं बोलून मी चहा ठेवायला गेलो.

आतून तर सगळं लख्ख दिसत होतं. जे मला दिसतंय ते समोरच्यालाही दिसत असणार, एवढंच माझं डोकं चालत होतं. एरवी उन्हाळ्यात ती खिडकी झळांमुळे बंदच असायची आणि संध्याकाळी डासांमुळे मावशी दिवे लावायच्या आधी पडदे ओढायच्या. त्यामुळे बाबा कोणाला दिसावेत अशी वेळच राहिली नव्हती.

पुढे मामांनी हात करणं सोडलं. मग त्यांनी बाजच फिरवली. आता आमच्याकडे त्यांची पाठ असायची. बाबा तरीही साडेतीनला टोपी मागायचे, खिडकीशी बसायचे, आणि त्या पाठीला हात करायचे. काही दिवसांनी त्यांनी टोपी मागणंही सोडलं. चहावर साय धरायची. मग जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टर तपासून म्हणाले, नवीन काही नाही, वयाचं आहे. बाबा आता जाणार, हे माझ्या लक्षात आलं. सिलेंडर संपत आला, नंबर लावून ठेवायला हवा, असं लक्षात यावं तसंच ते लक्षात आलं. वाईट वाटायला हवं होतं. मी मुलीला फोन करून रजेची चौकशी करून ठेवली.

मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात मामा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, जिने चढून धाप लागलेली. मी "या मामा, या" म्हणून खुर्ची पुढे केली. ते खुर्चीवर बसले नाहीत. फरशीवर भिंतीला टेकून बसले, खाली मान घालूनच पाणी नको म्हणाले. मीही खाली बसलो.

"लई वाईट झालं," ते म्हणाले.

मला वाटलं, बायकोबद्दल बोलताहेत. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं, पण उशिरा कळलेली माणसंही येतात. मी म्हणालो, "हो."

"शेवटाला तरास झाला का?"

"नाही. फार नाही."

"बरं झालं. माणूस लई चांगला. एका शब्दानं बोललो नाय कधी आमी, पर त्यांचा हात कधी चुकला नाय." त्यांनी माझ्या डोक्यावरच्या नव्या खुंटांकडे बघितलं आणि पिशवीतून टॉवेल-टोपी बाहेर काढली. "दहावं उलटलं असंल म्हनून आता आलो. पोराला म्हनलं, दुखवटा घालून येतो."

तेव्हा मला सगळं कळलं. दुखवट्याची टॉवेल-टोपी बाप गेलेल्या मुलाला घालतात. मी उठलो. त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं.

बाबा खुर्चीत होते. त्यांनी मान वळवली. मामा उंबऱ्यावरच थांबले, पिशवी हातातून गळाली. बाबांनी डावा हात वर केला.

"आरं देवा," मामा म्हणाले. "तुमी हायेत व्हय!" आणि काठी टाकून त्यांनी दोन्ही हात जोडले. "रामराम! रामराम! रामराम!" जेवढे चुकले होते तेवढे सगळे घातले असावेत. बाबांच्या घशातून आवाज आला. झटक्यानंतर मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. ते हसत होते.

मामांनी खिडकीपाशी जाऊन काचेला बोट लावलं, पलीकडे आपली गॅलरी बघितली. "आन् म्या तिकडून बघतो तर तुमच्या खिडकीत आमचीच ग्यालरी! मीच हात करायचो, मलाच माझा हात दिसायचा. म्हनलं, थोरले गेले. त्यात ह्यो डोकं भादरून स्कूटरवर निघालेला. मग कशाला बघू तिकडं? बाज फिरवली."

मी त्यांच्यासाठी चहा केला. दोघांनी शेजारी बसून घेतला. बोलले नाहीतच. बोलायची सवय नव्हती. मामा निघायला उठले तेव्हा टॉवेल-टोपी त्यांच्या खांद्यावर होती. ती त्यांनी काढून हातात घेतली आणि पेचात पडल्यासारखे उभे राहिले.

"ह्ये माघारी नेत नसतेत," ते म्हणाले.

"राहू द्या मामा, ठेवून द्या इथंच."

"ठिवून कसं दिऊ? घालावं लागतं." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या मालकीणबाई रोज सकाळी या खिडकीत कपडे वाळू घालायच्या. मधीच दिसनात. म्हनलं, म्हायेरी गेल्या असतील. तुमच्या घरी मांडव नाय, मानसं नाय, काय नाय. मला लई उशिरानं कळलं. तवा लाज वाटली यायला." असं म्हणून त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल उलगडून माझ्या खांद्यावर घातला आणि वरून हाताने दाबला. "ह्यो त्यांचा."

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. इतक्या माणसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, माझ्या जागी एक समंजस माणूस प्रत्येकाला 'ठीक आहे' म्हणत उभा राहिला होता. तो माणूस त्या टॉवेलखाली वाकला आणि हमसून हमसून रडायला लागला. मामा म्हणाले, "व्हय, व्हय," आणि हात काढला नाही. बाबा खुर्चीतून आमच्याकडे बघत होते. तिची मला भयंकर आठवण येत होती. सगळ्या अंगाला येत होती.

फिटरला पुन्हा बोलावलं. खिडकीचा एक खालचा तुकडा, बाबांच्या तोंडासमोरचा, मोकळा करून दे म्हटलं. तो हळहळला. "इतकं चांगलं बसलंय साहेब, कशाला कापता? तेवढ्यातून ऊन येणार." मी म्हणालो, येऊ दे. त्याने पात्याने चौकोन कापून सोलून काढला.

ऊन येतं. चारला नेमकं बाबांच्या डाव्या हातावर पडतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मी त्या हातावर मामांनी दिलेला टॉवेल टाकतो. दुखवट्याचा टॉवेल जित्या माणसावर घालू नये, असं मावशी म्हणतात. मी ऐकत नाही. समोर मामा बाजेवर उठून बसतात, बाबा हात वर करतात आणि टॉवेल खाली पडतो. मी तो उचलतो, झटकतो, आणि परत त्यांच्या हातावर घालतो.