अक्काचा डबा आणि कप्तानाची फेरी

समुद्रप्रवासाने माणसाचे मन विशाल होते, असे मी अनेक ठिकाणी वाचले होते. मद्रास बंदरातून आमची बोट सुटली तेव्हा त्या विशालतेची वाट पाहत मी कठड्याशी उभा राहिलो. अर्ध्या तासाने इंजिनाचा धूर, डांबराच्या गोळ्या आणि उकडलेला कोबी यांचा एकत्रित वास आला. मन होते तेवढेच ठेवून मी खाली केबिनमध्ये गेलो.

बंगळूरच्या बसवनगुडीहून आम्ही दोघेच निघालो होतो, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. तिची मुलगी सुमन सिंगापुरात होती; तिला पाचवा महिना होता. तिच्या पोटात अन्न ठरत नाही, वजन उतरते आहे, डॉक्टर काळजीत आहेत, असे जावयाचे पत्र आले होते. आईच्या हातची माविनमिडी (कोवळ्या, बोटाएवढ्या कैऱ्यांचे लोणचे) मिळाली तर दोन घास जातील, असे सुमन म्हणत होती. अक्काने देवाजवळ दिवा लावला आणि मला रजा काढायला सांगितले.

या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरतात आणि मुरताना पाणी फसफसते. फसफस थांबल्याशिवाय झाकण घट्ट लावायचे नाही, हे आमच्याकडे घरोघर ठाऊक असते. निघायच्या आठवड्यात बंगळूरला वळवाचा पाऊस होऊन चांगलाच गारवा पडला. भरणीतले पाणी दोन दिवस हलले नाही. अक्का म्हणाली, "निवलं." मग भरणी वाटेत फुटेल म्हणून कैऱ्या कल्हईच्या पितळी डब्यात गेल्या, आणि तिथल्याच शिवाजीनगरात एकाकडून झाकणाला कथलाचा डाख देऊन ते हवाबंद करून घेतले. पाणी निवले नव्हते, थंडीने फक्त झोपले होते. आणि बोटीवर आमच्या केबिनच्या भिंतीपलीकडे इंजिन होते.

कंपनीच्या माहितीपत्रकात बोटीला 'तरंगता राजवाडा' म्हटले होते. या राजवाड्यात दर दाराला वीतभर उंच लोखंडी उंबरठा होता. पहिल्या दोन दिवसांत माझ्या दोन्ही नडग्या त्यावर आपटून निळ्या झाल्या. ओल्या जिन्यावरून एक निवृत्त न्यायाधीश बसूनच खाली आले आणि त्याच गांभीर्याने उठून जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये आंबूस वास सुटला. मी कोबीला दोष दिला. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा बोटीवरचा नोकर फेलिक्स मंगळूरकडचा. अक्काशी तो कन्नडात बोले. त्याने वाकून बाकाखाली पाहिले.

"अक्का, डबा गर्भार आहे," तो म्हणाला.

झाकण टम्म फुगले होते आणि डाखाच्या फटीतून पाणी झिरपत होते.

"आज कप्तानाची फेरी. वासाचं सामान दिसलं की समुद्रात टाकतात," फेलिक्स म्हणाला.

अक्काने डबा ओढून घेतला आणि त्याला टेकून बसली.

फेरी आली. पुढे पांढरे हातमोजे घातलेला कप्तान, मागे बोटीचा डॉक्टर, त्याच्या मागे वही घेतलेला अधिकारी. कप्तानाने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले, ते तपासले, आणि मग श्वास घेतला. ती चूक झाली.

"हे बाहेर फेका," तो इंग्रजीत म्हणाला.

"काय म्हणतो रे?" अक्काने विचारले. मी सांगितले.

"त्याला म्हणावं, आधी मला फेक. माझी पोर तिकडे उपाशी आहे."

मी भाषांतर करताना पहिले वाक्य गाळले. कप्तान सुमनविषयी बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने डॉक्टरकडे पाहिले.

"स्वल्प इरी (जरा थांबा)," म्हणत फेलिक्सने मुदपाकखान्यातून खिळा आणि हातोडी आणली. झाकणाला भोक पडताच डब्याने लांबलचक शीळ घातली. डॉक्टर कप्तानाच्या मागे गेला. शीळ संपल्यावर फेलिक्सने झाकण कापून काढले. अक्काने एक कैरी काढून चावली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"जास्त आंबलीय. पण नासली नाही."

कप्तानाला वैद्यकीय मत हवे होते, तेव्हा डॉक्टरला कैरी खावी लागली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "या पाण्यात कुठलाही जंतू जगणार नाही," त्याने जाहीर केले. वहीत नोंद झाली. डबा केबिनमध्ये न ठेवता मागच्या डेकवर ठेवावा, असा हुकूम झाला. पुढचे चार दिवस अक्का डब्याच्या तोंडाला फडके बांधून त्याच्याशेजारी उन्हात बसून होती. लाटा जोरात आल्या की ती डबा मांडीवर घेई. समुद्र तिने पाहिला की नाही, मला सांगता येणार नाही.

सिंगापुरात सुमन दारात आली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अक्काने दहीभात कालवला, वर एक कैरी ठेवली. सुमनने तो खाल्ला. जावई घड्याळाकडे पाहत बसला, अक्का सुमनकडे. तासभर कोणी उठले नाही.

"अम्मा, अजून थोडा भात आहे?" सुमनने विचारले.

अक्का बाळंतपणासाठी तिथेच राहिली आणि मी एकटा परतलो. माणसे इतक्या लांब जाऊन काय पाहून येतात, याचा विचार करायला वाटेत वेळ होता. मी तरी एक मुलगी दुसऱ्यांदा भात मागताना पाहिली. त्यासाठी दोन नडग्या फार नव्हत्या.

बोट तीच होती. जिन्यापाशी तीन भाषांत नवी पाटी लागली होती: 'उग्र वासाचे पदार्थ बोटीवर आणण्यास सक्त मनाई आहे.' पाटी नुकतीच रंगवलेली होती, आणि तिच्या रंगाच्या वासाने मद्रास येईपर्यंत माझे डोके दुखत होते.